मंजूर म्हणणाऱ्यांनो

बॅचच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून शुभेच्छांच्या चार ओळी तुम्ही मागितल्यात. त्या मिळणार नाहीत. पत्रासोबत तुमच्यापैकी कुणीतरी (अक्षरावरून कोण ते ओळखलंय, नाव लिहीत नाही) एक चिठ्ठी जोडली आहे : ‘बाई, जमलं तर राजकारण्यांना चार शब्द सुनवा. मतं आम्ही देतो आणि पैशाचे निर्णय होतात ते कारखानदारांसाठी, ठेकेदारांसाठी. मतदाराला कोण विचारतंय?’

राजकारण्यांना मी शिकवलेलं नाही. तुम्हाला शिकवलं. आठवी ते दहावी टक्केवारी, सरासरी, सरळव्याज. शेवटच्या बाकावरच्यांना तर पाढेसुद्धा पुन्हा. तेव्हा सुनवायचं ते तुम्हालाच.

मतदाराला कुणी विचारत नाही, हे तुम्हाला कसं कळलं? कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, त्यात कुणाच्या खिशातून किती गेले आणि कुणाच्या खिशात किती पडले? ‘सगळे सारखेच हो बाई’ हे उत्तर नव्हे. अभ्यास न केलेला मुलगा पेपरात अशीच मोघम वाक्यं लिहून पान भरतो. उत्तर चुकलं तरी चालेल, रीत दाखवा, रीतीला गुण असतात, हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल. तुम्ही रीत टाकलीत आणि नुसतं उत्तर धरून बसलात. तेही पारावर ऐकलेलं.

तर रीत मी दाखवते. तुम्ही बहुतेक सगळे ऊसवाले, म्हणून उसाचंच गणित घेऊ.

जुलै २०१८. केंद्र सरकारनं उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, क्विंटलला २५५ रुपयांवरून २७५ केली. म्हणजे टनाला २०० रुपयांची वाढ. चौकात अभिनंदनाचे फलक लागले, तुमच्यातल्या दोघांचे फोटो त्यावर होते. त्याच निर्णयात आणखी एक आकडा बदलला होता, पायाभूत उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली की हा भाव, ते सांगणारा आकडा. तो साडेनऊ होता, तो दहा केला. फलकावर तो नव्हता. बातमीत होता, पण खाली. तुम्ही तिथवर गेला नाहीत.

आता पाटी घ्या. आपल्या भागाचा उतारा १२ धरा. जुन्या हिशेबात साडेनऊच्या वर प्रत्येक दशांशाला २ रुपये ६८ पैसे जादा मिळत. साडेनऊ ते बारा म्हणजे पंचवीस दशांश. पंचवीस गुणिले २.६८ म्हणजे ६७. २५५ अधिक ६७, झाले ३२२. नव्या हिशेबात दहाच्या वर प्रत्येक दशांशाला २ रुपये ७५ पैसे. दहा ते बारा वीस दशांश, त्याचे ५५. २७५ अधिक ५५, झाले ३३०. वजाबाकी करा. जाहीर झाले वीस, हातात आले आठ. टनाला २०० नव्हे, ८०. एकरी ४० टन धरले तर ८,००० नव्हे, ३,२००.

या गणिताला आठवीतला मुलगा पुरतो. मग फलकावर फोटो छापून घेणाऱ्या दोघांना ते का आलं नाही? त्यांना दहावीला मी पासष्टच्या वर गुण दिले होते.

पायाभूत उतारा वाढवायला सरकारकडे काहीच कारण नव्हतं असं मी म्हणत नाही. उत्तर प्रदेशात को-०२३८ या वाणामुळे उतारा खरोखरच चढला होता, आणि साडेनऊच्या खाली उतारा असलेल्यांना भावात खाली ढकलायचं नाही अशी तरतूदही ठेवली होती. बाजू दोन्ही असतात. पण बाजू ऐकण्याआधी आकडा माहीत असावा लागतो, आणि तो तुम्हाला आजही माहीत नव्हता. आत्ता वाचताना भुवया वर गेल्या, त्या मला इथून दिसल्या.

पुढे चला. मे २०१९ मध्ये लोकसभा आटोपली. जुलै २०१९ मध्ये नव्या हंगामाचा भाव ठरला : २७५. म्हणजे होता तिथेच. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये २९० चे ३०५ झाले आणि उतारा दहाचा सव्वादहा झाला. तीच खेळी पुन्हा. बारा उताऱ्याला जाहीर पंधरा, हातात साधारण दहा रुपये चाळीस पैसे. हे गणित मी करून दाखवणार नाही, तुम्ही करा.

आणि मग २१ फेब्रुवारी २०२४. ३१५ चे ३४० झाले. पंचवीस रुपये, आणि उतारा सव्वादहाचा सव्वादहाच. ही वाढ खरी होती, त्यात कुठलीही मेख नव्हती. त्याआधीची काही वर्षं हा भाव जूनच्या अखेरीस किंवा जुलै-ऑगस्टमध्ये ठरत होता. त्या वर्षी फेब्रुवारीतच ठरला, कारण एप्रिलपासून मतदान होतं.

म्हणजे चिठ्ठीतलं तुमचं उत्तर चूक आहे. मतदाराला विचारतात. त्याचं मत लागतं तेव्हा विचारतात, आणि तेव्हा विचारलेलं बहुतेक खरंच असतं. निवडणूक सरली की तुम्ही पाटी पुसून ठेवता आणि बाकीची चार वर्षं तिच्यावर दुसरं कुणी लिहितं.

आता हा भाव देतं कोण? सरकारच्या तिजोरीतून हा भाव दिला जात नाही. देतो कारखाना, आणि कारखाना देणार साखर विकून. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर हंगामामागून हंगाम गेले तरी तिथून हलला नाही. एफआरपी मात्र तेवढ्या काळात २७५ वरून ३५५ वर गेली. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली. कारण साधं होतं. साखर महागली तर शहरातला माणूस चिडतो, आणि निवडणूक तोंडावर होती. म्हणजे एका हाताने तुम्हाला भाव जाहीर केला आणि दुसऱ्या हाताने तो देणाऱ्याची विक्री बांधून ठेवली. मधली तूट कुठे पडणार? तुमच्या बिलाच्या तारखेवर.

ज्या दिवशी इथेनॉलवर बंदी आली, त्याच दिवशी कांद्याच्या निर्यातबंदीचाही आदेश निघाला. त्याआधी १९ ऑगस्टला चाळीस टक्के निर्यातशुल्क लावून झालं होतं. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली आणि नाशिककर पेटले. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं २० मे रोजी. सोळा दिवसांत शेतकरी सगळं विसरेल असा हिशेब कुणीतरी केला असणार. तो चुकला. दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री पडल्या आणि निवडून आले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. (त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या अपक्षाला लाखावर मतं पडली, कारण भगरेंच्या चिन्हासारखी त्याच्याही चिन्हाच्या नावात तुतारी होती. चिन्ह नीट न वाचता बटण दाबणारे तिथेही होतेच.) १३ सप्टेंबरला शुल्क चाळीसचं वीस झालं, २० नोव्हेंबरला विधानसभा होती. पुढच्या १ एप्रिलला उरलेलं वीसही गेलं.

कांदेवाल्यांनी तारखा लक्षात ठेवल्या. म्हणून मी तुम्हाला ही गोष्ट सांगते आहे, त्यांचं कौतुक करायला नव्हे. त्यांच्या त्या शहाणपणाची दुसरी बाजूही आहे. ज्या दिवशी निर्यातबंदी आली त्या दिवशी पुण्यातल्या तुमच्या बहिणीला कांदा स्वस्त मिळाला, आणि तीही मतदारच आहे. ‘मतदाराचं हित’ म्हणून एकच एक गाठोडं कुठे ठेवलेलं नसतं. विकणारा मतदार, खाणारा मतदार, मजुरीवर तोड करणारा मतदार. सरकार यांतल्या कुणाचं तरी ऐकतं, बाकीच्यांना ताटकळत ठेवतं. कुणाचं ऐकलं आणि का, हा प्रश्न आहे. तो विचारायला शिका. ‘आपलं’ म्हणून गळा काढू नका.

आता घरात या.

उसाचं पूर्ण बिल चौदा दिवसांत द्यावं, नाही दिलं तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावं, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी हे व्याज मागितलं? मिळालं का विचारत नाही, मागितलं का? २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारनं आदेश काढला की एफआरपी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. पुणे आणि नाशिक विभागात पहिला हप्ता दहा टक्के उताऱ्यानं, बाकीचं हंगाम संपल्यावर. बाराचा उतारा असलेल्या सभासदाचे त्या हंगामात टनामागे ५८० रुपये त्या आदेशानं हंगामाच्या टोकापर्यंत अडकवून ठेवायची मुभा दिली, बिनव्याजी. पतसंस्थेतून पिकावर उचललेल्या तुमच्या कर्जाला मात्र कुणी असा आदेश काढला नाही.

हा निर्णय कुणासाठी होता, हे सांगायला चिठ्ठी लिहावी लागत नाही. तो एका आघाडीच्या सरकारनं काढला. ते सरकार गेलं, विरोधातली मंडळी सत्तेवर आली, आणि आदेश जागच्या जागी राहिला. तुमच्या पक्षाचे झेंडे आणि त्यांच्या पक्षाचे झेंडे या एका कागदावर तीन वर्षं सुखानं नांदले. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. शेट्टींचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. लाखो सभासदांच्या पैशाची गोष्ट, आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात? बॅचच्या ग्रुपवर सुप्रभातच्या चित्रांची देवाणघेवाण.

ह्यूस्टनमधून अर्थव्यवस्थेवरचे लांब लांब लेख त्याच ग्रुपवर पाठवणाऱ्याला एवढंच विचारते : तुझ्या वडिलांच्या नावावरचा कारखान्याचा शेअर अजून चालू आहे, कारखान्याचा मागचा वार्षिक अहवाल तू उघडलास का?

तो अहवाल. आता मुद्द्याला आलो.

देशातल्या बाकीच्या मतदारांना निदान एक सबब आहे. दिल्लीतल्या फायली त्यांना बघायला मिळत नाहीत. तुमचं तसं नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, त्याला पाऊण शतक झालं. त्या वाटेनं जे कारखाने आले, त्यांचे मालक तुम्ही. अध्यक्ष तुमचा, संचालक तुमचे, काटा तुमचा, मळी तुमची, डिस्टिलरी तुमची. अध्यक्ष बहुतेक वेळा आमदार किंवा खासदार, किंवा होऊ घातलेला. म्हणजे जो माणूस तुमचं मत मागतो, तोच तुमच्या उसाचा हाती येणारा भाव ठरवतो, आणि त्याचा हिशेब तुमच्या घरी पोहोचवला जातो. राजकारणी कुणासाठी निर्णय घेतात हे तपासायला याहून सोपी प्रयोगशाळा जगात कुठे नसेल.

ती तपासणी तुम्ही केली नाहीत, दुसऱ्या कुणीतरी केली. संदीप सुखटणकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या भावाचे आकडे घेतले आणि अध्यक्ष निवडणुकीला उभे राहिले का, हे त्याच्याशी ताडून पाहिलं. अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. ज्या कारखान्यांचा अध्यक्ष निवडणुकीच्या राजकारणात आहे, तिथे निवडणुकीच्या वर्षात शेतकऱ्याला मिळणारा भाव खाली येतो. लेखकानं त्याला अफरातफरीची खूण म्हटलं आहे. प्रचाराला पैसा लागतो, आणि तो टनामागे थोडा थोडा कापला तर कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

पुढचं वाचताना मान खाली घाला. अध्यक्ष निवडून आला तर नंतरच्या वर्षांत भाव वर जातो, थोडी भरपाई होते, कामं येतात. म्हणून शेतकरी गप्प बसतो, असं अनुमान आहे. म्हणजे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. ‘साहेब निवडून आले की देतील’ या हिशेबानं तुम्ही स्वतःच्या पैशानं लढवलेल्या प्रचारात स्वतःच घोषणा दिल्यात. आणि साहेब पडले तर? तर कापलेलं गेलं. त्याची पावती तुमच्यापैकी कुणाकडे आहे?

हा अभ्यास सरासरीचा आहे. तो तुमच्या कारखान्यावर शिक्का मारत नाही, आणि चांगला भाव देणारे, चोख हिशेब ठेवणारे कारखाने मलाही माहीत आहेत. तुमचा कारखाना कोणत्या रांगेत बसतो, हे अहवालांत लिहिलेलं आहे. निवडणुकीच्या वर्षांचे भाव एका रकान्यात, बाकीच्या वर्षांचे दुसऱ्यात, शेजारच्या दोन कारखान्यांचे तिसऱ्यात. सरासरी काढा. सातवीच्या पुस्तकातला धडा आहे.

पण तुम्ही अहवालाची पहिली गुळगुळीत पानं बघता. फोटो, मनोगत, श्रद्धांजली. आकड्यांची पानं सुरू झाली की पुस्तिका टीव्हीवर जाऊन पडते. मग सभा. मंडप, पाण्याच्या बाटल्या, विषय क्रमांक एक वाचायच्या आत पुढच्या चार रांगा ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात, राष्ट्रगीत होतं आणि तुम्ही जेवायला पळता. यजमान गेल्यावर त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला, तेव्हापासून मी त्या सभेला जाते. एकदा उभी राहून विचारलं, तोडणी-वाहतुकीचा खर्च शेजारच्या कारखान्यापेक्षा टनाला जास्त का? माईक माझ्यापर्यंत आला नाही. मागून आवाज आला, ‘बाई, खाली बसा.’ तो आवाज मी त्याच्या आठवीपासून ओळखते. फुटण्याआधीचाही.

तोडणी-वाहतूक ही फालतू शंका नव्हे. ती तुमच्या एफआरपीतून वजा होते. वरचा आकडा दिल्ली ठरवते, पण हातात काय पडेल ते या रकमेवर ठरतं. वाहतूकदारांना दिलेल्या उचली, त्यातल्या बुडीत किती, कराराच्या गाड्या कुणाच्या. कारखान्याचा पैसा झिरपायचा असेल तर या फटीतून आधी झिरपतो. ते एकच पान तुम्ही वाचलंत तरी मला पुरे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. कलम ३२. सभासदाला मागचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, एवढंच नव्हे तर संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही बघायचा हक्क आहे, फी भरून नकलाही मिळतात. किती जणांनी असा अर्ज केला? हात वर करा.

मला वाटलंच.

आता तुमची सबब काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. ‘बाई, अर्ज केला की तोड लांबते.’ नोंद जुलैची, आडसाली लागण, पाळी आली तरी तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय फिरकत नाही. टोळी शेजारच्या रानात जाते, तुमचा ऊस तुरा काढून उभा. मार्च जातो, एप्रिल जातो, वजन घटतं, वर टोळीला खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यावी लागते. वर्षाचं पीक एका चिठ्ठीवर टांगलेलं असताना माणूस ताळेबंदाचे प्रश्न विचारत नाही. एकट्या अल्पभूधारकाला मी हे ऐकवणार नाही. त्याची भीती रास्त आहे.

पण तुम्ही एकटे नाहीत. या एका बॅचमध्ये सभासद किती आहेत ते मोजा. तिघे संचालक आहेत. एक जिल्हा बँकेत वसुली बघतो. एक वकील, दोन पत्रकार, एक सनदी लेखापाल, पुण्यात त्याचं मोठं ऑफिस आहे म्हणे. चाळीस सह्यांचा अर्ज गेला तर चाळीसांची तोड एकदम थांबवणं कारखान्याला सोपं जाणार नाही. आणि आता राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने खासगी आहेत, हंगामात उसासाठी वणवण त्यांचीही चालते. भीती अल्पभूधारकाची आहे, सबब मात्र पन्नास एकरवाले सांगतात. याला काय म्हणायचं ते मी स्मरणिकेत लिहू शकत नाही.

संचालक झालेल्या तिघांना वेगळं. तुम्ही सहीचे मालक आहात. ठराव वाचून सही करता की खुर्चीच्या क्रमाने? राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त झालं. आजारी कारखाने त्या काळात लिलावात गेले, मातीमोलानं गेल्याचे आरोप झाले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून गुन्हा नोंदला गेला, आणि पुढे तपास बंद करावा असे अहवालही आले. कोर्टात काय टिकतं ते कोर्ट बघेल. ज्या कारखान्यांचे लिलाव झाले त्यांच्या सभासदांच्या शेअरचं काय झालं, हे मात्र कोर्टाला विचारावं लागत नाही. त्यांच्या गावी जाऊन विचारा. तिथेही दरवर्षी सभा होत होत्या, आणि तिथेही सगळे विषय मंजूर होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. कोणत्या कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिले, यावर तुम्ही तावातावाने बोललात. बोलायलाच हवं होतं. पण ती यादी मिळवायला लोकांना वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं. तुमची यादी पोस्टमननं घरी आणून टाकली होती.

आणखी एक, ते मला फार दिवस बोलायचं होतं. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, बायकांच्या खात्यात महिना पंधराशे रुपये येऊ लागले, नोव्हेंबरात मतदान झालं. त्यावर तुम्ही कट्ट्यावर आणि ग्रुपवर काय विनोद केलेत ते मी वाचले आहेत. बायका पंधराशेला विकल्या गेल्या म्हणे. योजनेवर टीका करायला जागा आहे. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज न तपासता पैसे वाटले, नंतर अपात्र नावं हजारोंनी नव्हे, लाखांनी काढायची वेळ आली, लाभार्थ्यांत पुरुषसुद्धा निघाले. समाजकल्याणाचा आणि आदिवासी विभागाचा पैसा तिकडे वळवला म्हणून सरकारातल्याच मंत्र्यानं तक्रार केली. हे सगळं विचारा. पण ज्या बाईनं बँकेत जाऊन, पासबुक भरून घेऊन हप्ता आला की नाही हे दर महिन्याला तपासलं, तिला हसायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तिला आकडा माहीत होता. तारीख माहीत होती. हप्ता चुकला तर ती तालुक्याला जाऊन भांडली. तुमच्या बिलातून टनामागे किती कापले गेले, ते तुम्हाला माहीतच नाही. मग स्वस्तात कोण गेलं?

गृहपाठ देते आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, अहवाल त्याआधी घरी येतो. या वर्षीचा आणि मागच्या चार वर्षांचे असे पाच घ्या. या पाच हंगामांचा अंतिम भाव वर सांगितल्याप्रमाणे तीन रकान्यांत मांडा. तोडणी-वाहतूक टनामागे काढा. वाहतूकदारांकडची येणी वर्षागणिक वाढली का ते पाहा. आपल्या ठेवींवर, परतीच्या आणि बिनपरतीच्या, व्याज किती ठरलं आणि किती दिलं ते लिहा. आणि ताळेबंदाच्या शेवटी बारीक अक्षरांत संभाव्य देणी असतात, ती वाचा. शेतकऱ्याला दिलेल्या जादा भावावर प्राप्तिकर लावायचा की नाही, याचा जुना वाद होता. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी कारखान्यांना त्यात सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा दिला गेला. तो निर्णय तुमच्यासाठी होता असं भाषणात सांगितलं गेलं. तुमच्या कारखान्याच्या अहवालातली ती टीप गेली का? गेली असेल तर मोकळी झालेली रक्कम कुठल्या खात्यात दिसते?

सनदी लेखापालानं बाकीच्यांना उत्तरं सांगायची नाहीत, फक्त कुठलं पान ते सांगायचं. संचालकांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. ज्याच्याकडे अहवाल नाही त्यानं गट ऑफिसातून मागून घ्यावा. दिला नाही, तर कुठल्या तारखेला मागितला आणि कुणी नाही म्हटलं ते मला लिहून कळवावं. कलम ३२ चा अर्ज मी करून देईन, सही तुमची लागेल.